मासेमारीच्या रिळाची देखभाल व पुनर्बांधणी

मासेमारीच्या रिळाची देखभाल व पुनर्बांधणी म्हणजे गळाच्या काठीला जोडलेले, दोरी गुंडाळण्याचे व सोडण्याचे यंत्र उघडून स्वच्छ करणे, त्यास वंगण देणे, झिजलेले भाग बदलणे आणि ते पुन्हा जोडून चाचणी घेणे, ही प्रक्रिया होय. साध्या वंगणापासून संपूर्ण यंत्र सुटे करून नव्याने जुळवण्यापर्यंतची कामे तीत येतात. बहुतेक रिळे स्क्रू, वॉशर, स्प्रिंग आणि दंतचक्रे यांनी बनलेली असल्यामुळे मोजक्या हत्यारांनी ती घरी उघडता येतात. म्हणून अनेक हौशी मासेमार हे काम स्वतः शिकतात.

कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर गळाने मासे पकडण्यास ‘गरवणे’ म्हणतात. पारंपरिक पद्धतीत तंगुसाची दोरी हाताने किंवा लाकडी तुकड्याभोवती गुंडाळली जाते आणि तीत यंत्राचा भाग नसतो. काठी व रीळ वापरणाऱ्यांना मात्र खाऱ्या पाण्याचा व दमट हवेचा यंत्रावर होणारा परिणाम लक्षात घ्यावा लागतो.

इतिहास

काठीवर रीळ वापरणाऱ्या मासेमाराचे सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक चित्र चीनमधील सोंग राजवटीतील चित्रकार मा युआन याने इ.स. ११९५ च्या सुमारास काढले. इंग्लंडमध्ये टॉमस बार्कर याच्या १६५१ मधील पुस्तकात रिळाचा उल्लेख आढळतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील केंटकी राज्याच्या पॅरिस या गावी जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने दंतचक्रे असलेले रीळ बनवले. मूठ एकदा फिरवली की फिरकी अनेकदा फिरे. चार्ल्स ऑर्व्हिस याने १८७४ मध्ये भोके असलेल्या हलक्या फ्लाय रिळाचे एकस्व घेतले. इंग्लंडमधील वस्त्रोद्योजक आल्फ्रेड इलिंगवर्थ याने १९०५ मध्ये स्थिर फिरकीच्या रिळाचे एकस्व घेतले. या रिळाची कल्पना सूतगिरणीतील चात्यांवरून सुचल्याचे मानले जाते.

घड्याळांच्या कारागिरीशी रिळांचा संबंध पुढेही टिकला. स्वीडनमधील स्वेंगस्टा येथे १९२१ मध्ये स्थापन झालेली आबू ही कंपनी मुळात घड्याळे व टॅक्सीमीटर बनवत असे. फ्रान्समधील मिचेल रिळे क्लूझ या घड्याळांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी तयार होत. जपानमधील शिमानो या कंपनीची सुरुवातही १९२१ मध्ये साकाई येथे सायकलचे फ्रीव्हील बनवण्यापासून झाली. फिलाडेल्फिया येथे १९३२ मध्ये स्थापन झालेल्या पेन या कंपनीची सागरी रिळे साध्या रचनेमुळे शिकाऊंमध्ये लोकप्रिय आहेत. पेन सेनेटर किंवा आबू अँबॅसेडर यांसारख्या मालिकांची मूळ रचना अनेक दशके फारशी बदलली नाही. त्यामुळे जुन्या रिळांना नव्या काळातील अनेक भाग बसतात.

प्रकार व रचना

स्थिर फिरकीचे रीळ: यात दोरी गुंडाळली जाताना फिरकी स्वतःभोवती फिरत नाही. तिच्याभोवतीचा रोटर फिरून दोरी गुंडाळतो आणि फिरकी पुढेमागे सरकते. मुठीचे मोठे दंतचक्र व मधले लहान दंतचक्र एकमेकांशी काटकोनात बसतात. दोरी अडवणाऱ्या तारेच्या कमानीला ‘बेल’ म्हणतात.

फिरत्या फिरकीचे रीळ: यास बेटकास्टिंग किंवा मल्टिप्लायर रीळ म्हणतात. दोरी फेकताना फिरकीच फिरते. ती अतिवेगाने फिरून दोरीचा गुंता होऊ नये म्हणून केंद्रोत्सारी किंवा चुंबकीय ब्रेक दिलेला असतो. अनेक रिळांत दोरी सारखी पसरवण्यासाठी मळसूत्रासारखा दांडा व त्यात सरकणारी लहान जीभ असते.

फ्लाय रीळ: हे सर्वांत साधे असते. एक फिरकी, एक चौकट आणि एक घर्षणयंत्रणा एवढेच भाग त्यात प्रामुख्याने असतात.

रिळाचे गुणोत्तर ६.२:१ असेल, तर मूठ एकदा फिरवल्यावर रोटर किंवा फिरकी ६.२ वेळा फिरते. गुणोत्तर जितके मोठे, तितकी दोरी लवकर गोळा होते. पण ओढण्याची ताकद कमी पडते.

ड्रॅग

ड्रॅग ही रिळातील घर्षणयंत्रणा होय. मासा ठरावीक ताणापेक्षा जोराने ओढू लागला की ती घसरते व दोरी सोडते. त्यामुळे दोरी तुटत नाही. ड्रॅगमध्ये धातूच्या व घर्षणद्रव्याच्या चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात. काही धातूच्या चकत्या दंतचक्राबरोबर फिरतात, तर काही दांड्याला जखडलेल्या असतात. घर्षणद्रव्य म्हणून पूर्वी चामडे वापरले जाई. पुढे नमदा व अलीकडे कार्बन तंतू रूढ झाले.

ड्रॅगची गुणवत्ता केवळ कमाल ताणावर ठरत नाही. स्थिर चकती हलवण्यास लागणारे बल हे ती फिरत ठेवण्यास लागणाऱ्या बलापेक्षा बरेच अधिक असेल, तर माशाच्या पहिल्याच झटक्यात दोरी तुटते. जुनी, तेलकट मळ साचलेली किंवा कडक झालेली चकती असाच झटका देते. चकत्या बदलणे हे पुनर्बांधणीतील कमी खर्चाचे आणि सर्वाधिक फरक जाणवणारे काम मानले जाते.

दोरीवरील ताण फिरकीवर उरलेल्या दोरीवरही अवलंबून असतो. ड्रॅगचे पीळबल तेच राहून दोरीच्या थराची त्रिज्या ३० मि.मी. वरून १५ मि.मी. झाली, तर ताण दुप्पट होतो. म्हणून ड्रॅग सामान्यतः दोरीच्या तुटण्याच्या बलाच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश इतका लावतात. १० किलोच्या दोरीसाठी तो सुमारे २.५ ते ३.३ किलो होतो. मोजमापासाठी स्प्रिंगचा काटा वापरतात.

बिघाडाची लक्षणे व कारणे

- मूठ फिरवताना खरखर जाणवते: बेअरिंगमध्ये मीठ वा वाळू शिरणे, किंवा दंतचक्रांचे दात झिजणे.
- मूठ उलटी फिरते: उलट फिरण्यास अटकाव करणाऱ्या रोलर क्लचमध्ये जाड ग्रीस जाणे, अथवा अडकवणीच्या खिट्टीची स्प्रिंग तुटणे.
- दोरी झटक्याने सुटते: ड्रॅगच्या चकत्या चिकटणे किंवा खराब होणे.
- दोरीला पीळ पडतो: बेलवरील दोरीचा रोलर न फिरणे.
- दोरी फिरकीच्या एकाच बाजूला साचते: मळसूत्री दांड्यातील जीभ झिजणे.
- पांढरी भुकटी दिसते: ॲल्युमिनियमचे क्षरण. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमची चौकट व पोलादी स्क्रू यांच्यात विद्युत्-रासायनिक क्रिया होते आणि ॲल्युमिनियम झिजते.

साधने

नेमके बसणारे स्क्रूड्रायव्हर ही पहिली गरज असते. सैल बसणाऱ्या पात्यामुळे स्क्रूचे डोके खराब होते आणि मग तो काढणे अवघड जाते. याशिवाय लहान पाने, चिमटा, जुना दातघासणीचा ब्रश, सुती फडके, कान साफ करण्याच्या काड्या, तेल, ग्रीस आणि कप्पे असलेला ट्रे लागतो. बर्फाचा किंवा अंड्यांचा ट्रे या कामास पुरतो. निर्मात्याने दिलेला सुट्या भागांचा आराखडा जवळ असावा, कारण त्यात प्रत्येक भागाचा क्रमांक व जागा दाखवलेली असते.

प्रक्रिया

सुटे करणे: आधी दोरी व फिरकी काढली जाते. त्यानंतर मूठ, बाजूचे झाकण, दंतचक्रे व शेवटी मुख्य दांडा असा क्रम साधारणपणे असतो. काढलेला प्रत्येक भाग ज्या बाजूने निघाला त्याच बाजूने ट्रेमध्ये क्रमाने ठेवतात आणि प्रत्येक टप्प्यावर छायाचित्र घेतात. काही रिळांत रोटरच्या नटला किंवा मुठीला डाव्या वळणाचे आटे असतात. ते न ओळखता जोर लावल्यास आटे तुटतात. लहान स्प्रिंग उडून हरवू नयेत म्हणून तो भाग पारदर्शक पिशवीच्या आत उघडण्याची पद्धत आहे. कागदासारखे पातळ वॉशर जुन्या ग्रीसमुळे दुसऱ्या भागाला चिकटून राहतात. पुसण्यापूर्वी ते शोधावे लागतात.

स्वच्छता: धातूचे भाग रॉकेल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतात. ॲसिटोनमुळे अनेक प्रकारचे प्लॅस्टिक व रंग विरघळतात, म्हणून ते टाळले जाते. प्लॅस्टिकचे भाग कोमट पाणी व भांडी घासण्याच्या सौम्य साबणाने धुऊन पूर्ण वाळवतात.

तपासणी: धुतलेले व कोरडे बेअरिंग बोटावर फिरवून पाहतात. ते अडखळत असल्यास बदलतात. बेअरिंगचे माप आतील व्यास, बाहेरील व्यास व रुंदी या क्रमाने दिले जाते, उदा. ५×११×४ मि.मी. त्यामुळे मापाचे बेअरिंग इतर पुरवठादारांकडूनही मिळू शकते. दंतचक्रे एकमेकांबरोबर झिजत असल्याने मोठे व लहान चक्र जोडीनेच बदलणे योग्य ठरते.

वंगण: सर्वसाधारण नियम असा की दंतचक्रांना ग्रीस व वेगाने फिरणाऱ्या बेअरिंगना पातळ तेल. फिरकीच्या बेअरिंगला एक-दोन थेंब पुरतात, कारण अधिक तेलाने फेक कमी पडते. रोलर क्लचला अत्यल्प पातळ तेलच देतात. त्यातील बारीक दंडगोल उतारावर अडकून पकड धरतात, आणि ग्रीसने ती पकड सुटते. कार्बनच्या चकत्यांना टेफ्लॉनयुक्त ड्रॅग ग्रीसचा पातळ लेप देतात. मात्र काही रिळांच्या चकत्या कोरड्याच ठेवायच्या असतात. खाऱ्या पाण्यात वापरायच्या रिळाच्या स्क्रूंच्या आट्यांनाही जलरोधक ग्रीस लावतात, म्हणजे पुढच्या वेळी ते जाम होत नाहीत.

जुळवणी व चाचणी: भाग उलट क्रमाने बसवले जातात. स्क्रू आधी बोटाने फिरवून आटे जुळल्याची खात्री करतात व सर्व स्क्रू थोडेथोडे समान आवळतात. दंतचक्रांमधील फट पातळ वॉशर घालून जुळवतात. वॉशर कमी पडल्यास मूठ डुगडुगते आणि जास्त झाल्यास ती जड फिरते. शेवटी मूठ, उलट अटकाव, बेल व ड्रॅग ही चारही कार्ये तपासतात. एखादा भाग शिल्लक राहिल्यास रीळ पुन्हा उघडावे लागते.

शिक्षणाचा क्रम

शिकाऊ व्यक्तीने चालू स्थितीतील महागड्या रिळाऐवजी जुन्या, साध्या व आराखडा उपलब्ध असलेल्या रिळापासून सुरुवात करावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. पहिल्या टप्प्यात दोरीचा रोलर, मुठीची गोळी व बाहेरून दिसणारे सांधे यांना वंगण दिले जाते. दुसऱ्या टप्प्यात ड्रॅगच्या चकत्या बदलतात. तिसऱ्या टप्प्यात बाजूचे झाकण उघडून दंतचक्रांपर्यंत पोहोचतात. रोलर क्लच व मळसूत्री दांडा शेवटी हाताळतात. काही आधुनिक रिळांतील बेअरिंग चुंबकीय तेलाच्या पडद्याने मोहोरबंद असतात. द्रावक किंवा साधे तेल लागल्यास तो पडदा नष्ट होतो, म्हणून असे भाग अधिकृत दुरुस्तीकाराकडेच दिले जातात. हमीच्या काळात रीळ उघडण्यापूर्वी हमीच्या अटी पाहणे आवश्यक असते.

नियमित काळजी

समुद्रावरून परतल्यावर ड्रॅग आवळून रिळावर गोड्या पाण्याची हलकी धार सोडतात. जोरदार फवाऱ्याने मीठ आतच ढकलले जाते. रीळ पुसून वाळवल्यावर चकत्या दबून राहू नयेत म्हणून ड्रॅग सैल केला जातो. ओले रीळ बंद पिशवीत ठेवल्यास क्षरण वाढते. खाऱ्या पाण्यात नियमित वापरलेले रीळ वर्षातून किमान एकदा पूर्ण उघडणे हितावह असते. रीळ पाण्यात बुडाल्यास किंवा वाळूत पडल्यास मात्र ते लगेच उघडावे लागते.

महत्त्व

बिघडलेल्या रिळाचा तोटा मासेमारापुरता मर्यादित नसतो. ड्रॅग अडकून दोरी तुटली, तर मासा तोंडातील गळ व मागे लोंबणारी दोरी घेऊन निसटतो. ती दोरी खडकात किंवा पाणवनस्पतींत अडकून त्याचा मृत्यू ओढवू शकतो. मासा पकडून सोडून देण्याच्या पद्धतीत ही बाब विशेष महत्त्वाची ठरते. कावेरी खोऱ्यातील कुबडाचा महसीर २०१८ मध्ये अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदवला गेला. अशा प्रजातींच्या बाबतीत एकेक मासा जिवंत परत जाणे मोलाचे असते. शिवाय एखाद्या वॉशरअभावी संपूर्ण यंत्र टाकून देणे टळते. तथापि निर्मात्याने भाग पुरवणे बंद केल्यास दुरुस्ती अवघड होते, आणि बंद पडलेली रिळे सुट्या भागांसाठी जपून ठेवावी लागतात.

सुरक्षा व पर्यावरण

रॉकेल व अल्कोहोल ज्वालाग्राही असल्याने काम खेळत्या हवेत व आगीपासून दूर करतात. पेट्रोल वापरणे धोकादायक आहे. हातमोजे आणि स्प्रिंग काढताना चष्मा वापरणे योग्य ठरते. वापरलेले द्रावक व ग्रीस गटारात, खाडीत किंवा नदीत सोडू नये. जुन्या, संग्राह्य रिळांच्या बाबतीत अतिस्वच्छता टाळली जाते, कारण मूळ मुलामा घासून काढल्यास त्यांचे ऐतिहासिक व आर्थिक मूल्य घटते.

हे सुद्धा पहा

- गळ
- महसीर
- बेअरिंग
- वंगण
- घर्षण