तिरपे अक्षर आणि आपली मोडी

दुकानाच्या पाटीवर, नाटकाच्या जाहिरातीवर वा सभेच्या फलकावर ठळक, तिरपे आणि टोकांना फाटे नसलेले अक्षर आज सर्रास दिसते. हे वळण रोमन लिपीच्या छपाईतून आले. तेथे त्याचे तिन्ही गुण निरनिराळ्या काळी जन्मले.

तिरपेपणा सर्वांत जुना. व्हेनिसचे मुद्रक आल्डस मान्युशियस यांनी १५०१ साली व्हर्जिलचे काव्य तिरप्या अक्षरांत छापले. फ्रान्चेस्को ग्रिफो यांनी कोरलेल्या त्या ठशांचा आदर्श होता तत्कालीन विद्वानांचे धावते हस्ताक्षर. पुढे उभे आणि तिरपे अक्षर एकाच पानावर जोडीने नांदू लागले. फाटे गळालेले अक्षर विल्यम कॅझलन (चौथे) यांच्या १८१६ च्या नमुनापुस्तकात अवतरले. साध्या मजकुरातून शब्द उठून दिसावा यासाठी जोडीचा ठळक ठसा १८४५ च्या ‘क्लॅरेंडन’ने रूढ केला.

मराठीलाही धावते अक्षर होते. आधी ओळभर शिरोरेषा ओढून, मग लेखणी शक्यतो न उचलता लिहिली जाणारी मोडी ती हीच. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये देवनागरी खिळ्यांत, तर मराठी शब्दकोश १८१० मध्ये मोडी खिळ्यांत छापला गेला. अवघ्या पाच वर्षांत आपली दोन्ही वळणे धातूत उतरली होती. मात्र व्हेनिसच्या अक्षरांप्रमाणे त्यांची जोडी जमली नाही. मुंबईच्या छापखान्यांनी बाळबोध पत्करली. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने तिला अपूर्व सौष्ठव दिले. मोडी मात्र दफ्तरांत उरली आणि विसाव्या शतकात व्यवहारातूनही मागे पडली.

परिणामी, तिरप्या देवनागरीची गरज भासली तेव्हा तिच्यामागे कोणताही हात नव्हता. उभे अक्षरच एका बाजूस कलंडवले गेले. संगणक आज हेच एका कळीसरशी करतो. त्यात गोलाईची जाडी विषम होते, आणि अक्षर ठळक असल्यास ‘क्ष’, ‘श’, ‘ज्ञ’ यांच्या पोटातील मोकळी जागा बुजू लागते. लांबून वाचण्यासाठी योजलेले अक्षर लांबूनच अवघड होते.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसास हा प्रश्न केवळ सौंदर्याचा वाटू नये. बेळगाव असो वा इंदूर, आपली भाषा परक्या डोळ्यांना प्रथम दिसते ती पाटीवर. तेथे ती उसन्या रीतीने कलंडलेली का असावी? वडोदरा, ग्वाल्हेर, तंजावर येथील संग्रहांत मोडी कागदपत्रे जपलेली आहेत. लेखणी वेगात धावताना मराठी अक्षर कोठे वळते, कोठे झुकते, याचा पुरावा त्यांत आहे. मोडी वाचणारे इतिहासाची साधने म्हणून ते कागद उलगडतात. अक्षर रेखणाऱ्यांनीही ते उलगडावेत. आपल्या फलकावरील तिरप्या अक्षराला त्यातून स्वतःचे वळण लाभू शकेल.