परभणीचा हुरडा

चीक भरून दाणा घट्ट होऊ लागलेला, पण अजून हिरवाच, अशा ज्वारीची कणसे निखाऱ्यात भाजून चोळून काढलेले दाणे म्हणजे हुरडा. परभणी जिल्ह्यात त्याचे दिवस मार्गशीर्ष-पौषात येतात. गोदावरी, पूर्णा आणि दुधनेच्या खोऱ्यांतल्या काळ्याभोर जमिनीत पावसाळा सरता सरता रब्बीची ज्वारी पेरतात आणि ती मुख्यतः मुरलेल्या ओलीवर वाढते. हुरड्याची वेळ मात्र थोड्याच दिवसांची असते. कणीस लवकर मोडले तर हाती नुसते दूध लागते आणि उशीर झाला तर दाण्यातली साखर पिठात जिरलेली असते.

भाजण्याची जागा म्हणजे आगटी. बांधाजवळ वीतभर खड्डा घेऊन त्यात शेणाच्या गोवऱ्या पेटवतात. जाळ बसून निखारे फुलले की कणसे खुपसायची आणि दांड्याला धरून फिरवत राहायची. जाळावर कणीस नुसते करपते, दाणा आत कच्चाच राहतो. निखाऱ्यात तो आपल्याच ओलीत शिजतो आणि त्याला धुराचा वास लागतो. गरम कणीस पोत्यावर किंवा तळहातावर चोळायचे आणि फुंकर मारून कोंडा उडवायचा. सोबत लसणाची किंवा शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. पश्चिम आशियात हिरवा गहूही भाजून त्याचा ‘फ्रीके’ करतात, पण तो वाळवून साठवतात.

निझामाच्या राजवटीत, म्हणजे १९४८ पर्यंत, आणि नंतरही बराच काळ ज्वारी हीच इथली भाकरी होती, तर कडबा हीच बैलांची वैरण. हुरड्यासाठी वेगळे पीक नसे. तिफणीने पेरताना शेतात गूळभेंडीसारख्या गोड वाणाची दोन-चार तासे टाकत. या वाणाचे दाणे चोळताच सुटतात. पाखरांनाही तेच आधी हवे असतात, म्हणून माळ्यावर गोफण घेऊन राखण करावी लागे. ही तासे पाहुण्यारावळ्यांसाठी असत, बाजारासाठी नव्हे.

ती तासे मोडली ती पीकपद्धती बदलल्यामुळे. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे ज्वारीचे पहिले संकरित वाण आले. १९७२ च्या दुष्काळानंतर जास्त उताऱ्याच्या ‘हायब्रीड’ची गरज कोणालाही नाकारता येण्यासारखी नव्हती. पण ती मुख्यतः खरिपाची ज्वारी होती आणि तिच्या भाकरीला देशी ज्वारीची चव नव्हती. पुढे खरीप सोयाबीनने व्यापला. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी पोचले तिथे ऊसही आला. ट्रॅक्टर आल्यावर बैल कमी झाले आणि कडब्यासाठी ज्वारी पेरण्याचे कारणही उरले नाही. घरोघरचे गोड बियाणे याच काळात हरवले, आणि हे नुकसान उत्पन्नाच्या आकड्यांत कुठेच दिसत नाही.

त्याची काही भरपाई परभणीतच झाली. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठाने, म्हणजे आजच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने, ‘परभणी मोती’सारखे रब्बी वाण दिलेच, शिवाय ‘परभणी वसंत’ हे खास हुरड्याचे वाणही काढले. त्यामुळे पाहुणचाराचा हुरडा आता रोख पैशाचे पीक होऊ शकतो. कृषी पर्यटन केंद्रांत तो ताटावर मिळतो, शहरांत पाकिटात. पण निवलेला दाणा चिवट होतो आणि धुराचा वासही उडून जातो. हुरडा खायचा तर आगटीशेजारी बसूनच खावा.