व्हिनेटिंग
अतिरुंदकोनी भिंगाने घेतलेल्या छायाचित्राचे कोपरे मध्यभागापेक्षा काळवंडणे. देवळाली कॅम्पच्या खंडोबा टेकडीवरून मोकळे आभाळ टिपले की हा दोष लगेच उघडा पडतो. दाट झाडीच्या चित्रात तो लपतो. मूळ कारण भूमितीचे: तिरप्या किरणांचा प्रकाश कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने घटतो, म्हणजे ४५ अंशांवर एक-चतुर्थांशच उरतो. दुसरे कारण भिंगाच्या नळीच्या कडेने अडणारा प्रकाश. अ‍ॅपर्चर दोन-तीन स्टॉप लहान केले की ते बहुतांशी जाते, पहिले जात नाही. १९०० च्या सुमाराच्या गोएर्झ हायपरगॉन भिंगात त्यावर नामी तोड होती: हवेच्या झोताने फिरणारी ताऱ्याच्या आकाराची चकती एक्स्पोजरचा बराच काळ मध्यभाग झाकून धरी. एकावर एक चढवलेले जाड फिल्टर कोपरे पार काळे करतात. ते आधी उतरवावेत.