जावा, येझदी आणि जयचामराजेंद्र रस्ता

बदलीवर बंगळूरला आलेला मराठी माणूस पहिल्या महिन्याभरातच या शहराशी असलेले आपले जुने नाते शोधू लागतो, आणि ते त्याला फार शोधावेही लागत नाही. १६३८ मध्ये विजापूरकरांनी हे ठाणे जिंकले व ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, ही हकीकत आपल्यापैकी प्रत्येकाने कानडी शेजाऱ्यास एकदा तरी ऐकविलेली असते. प्रस्तुत लेखात सांगावयाचा इतिहास मात्र अगदी कालपरवाचा आहे. तो दरबारात घडलेला नाही. तो गॅरेजात घडला, आणि अजून घडत आहे.

टाउन हॉलपासून मिनर्व्हा चौकाकडे जो रस्ता जातो त्यास सर्व शहर जे. सी. रोड या आद्याक्षरांनी ओळखते. मोटारींच्या व मोटारसायकलींच्या सुट्या भागांची ही येथील जुनी पेठ. आद्याक्षरांमागचे नाव म्हैसूरचे शेवटचे महाराज जयचामराजेंद्र वडेयर यांचे आहे, हे तेथे क्लच-प्लेट घ्यावयास जाणाऱ्या गिऱ्हाइकाच्या सहसा ध्यानात येत नाही. संस्थान विलीन झाल्यावर महाराज म्हैसूर राज्याचे राज्यपाल झाले, आणि त्याच अधिकारात १९६१ मध्ये त्यांनी म्हैसूर येथील यादवगिरीत 'आयडियल जावा' या मोटारसायकलींच्या कारखान्याचे उद्घाटन केले. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. त्याने घडविलेल्या गाड्या मात्र आज तीस वर्षांनंतरही रस्त्यावर आहेत, आणि त्यांचे पिस्टन, केबली व रबरे महाराजांच्याच नावाच्या रस्त्यावर मिळतात. असे योगायोग इतिहासात वारंवार येत नाहीत.

जावाचे मूळ घराणे चेक. फ्रान्तिशेक यानेचेक या प्राग येथील उद्योजकाने १९२९ मध्ये जर्मनीच्या वाँडरर कंपनीचा मोटारसायकलींचा विभाग विकत घेतला, आणि आपल्या व तिच्या नावाची पहिली अक्षरे जोडून आपल्या गाडीचे बारसे केले. चेक उच्चाराने ते 'यावा' व्हावयाचे. आपण लिपी पाहून 'जावा' म्हणू लागलो, आणि तेच रूढ झाले. ही गाडी हिंदुस्थानात आणली मुंबईच्या रुस्तम व फरोख इराणी यांनी. आरंभी ते तयार गाड्या आयात करीत. पुढे परदेशी चलनाच्या टंचाईमुळे सरकारने आयातीवर निर्बंध घातले, तेव्हा गाडी येथेच बांधणे हा एकच मार्ग उरला.

मुंबईच्या माणसाने कारखाना म्हैसुरास का न्यावा, असा प्रश्न मराठी वाचकास पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर वीस वर्षे मागे सापडते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा विमानांचा कारखाना बंगळूर येथे काढला, तो म्हैसूर दरबाराने जमीन व भांडवल देऊ केले म्हणून. मोटारींचा कारखानाही याच संस्थानात व्हावा, अशी विश्वेश्वरय्यांची खटपट होती. ती मात्र इंग्रज सरकारच्या अनास्थेमुळे तडीस गेली नाही. वालचंदांची मोटार अखेर कुर्ल्यास गेली. इराणींची फटफटी म्हैसुरास आली ती या राज्याने उद्योगांस हात देण्याची जी सवय लावून घेतली होती, तिच्यामुळे.

गाडीची रचना थोडी समजून घेतली पाहिजे, कारण पुढची सारी कथा तिच्यावर उभी आहे. म्हैसूरची पहिली जावा ही अडीचशे सीसीची, एका सिलिंडरची, टू-स्ट्रोक. शक्ती सुमारे १२ अश्वांची. एकाच सिलिंडरातून धूर दोन नळ्यांनी बाहेर पडे व दोन्ही बाजूंच्या सायलेन्सरांतून जाई, त्यामुळे तिचा आवाज दुरूनही ओळखू येई. किक मारावयाचा दांडा आणि गिअर बदलावयाचा दांडा एकच. तो वर फिरवून किक मारावयाची व खाली आणून त्यानेच गिअर टाकावयाचा. गिअरचा दांडा दाबला की क्लच आपोआप सुटे, म्हणून डाव्या हाताचे काम निम्मे होई. मागची साखळी पूर्णपणे पत्र्याच्या आवरणात बंद असे. ज्याने दख्खनच्या पठारावर उन्हाळ्यातील धूळ आणि पावसाळ्यातील चिखल यांतून उघड्या साखळीची गाडी हाकली आहे, त्यालाच या आवरणाची किंमत कळेल. लांबच्या प्रवासासाठी म्हणून वेगळी मोटारसायकल घ्यावी हा विचार त्या काळी नव्हताच. हीच गाडी आठवडाभर कचेरीस जाई व सुटीत घाट चढे.

चेक कंपनीशी असलेला करार संपल्यावर १९७३ पासून गाडीचे नाव 'येझदी' झाले. इराणातील यझ्द शहराची आठवण त्या नावात ऐकू येते. गंमत अशी की चेक भाषेत याच ध्वनीच्या क्रियापदाचा अर्थ 'चालतो, धावतो' असा होतो. १९७८ मध्ये 'रोडकिंग' आली. ती १६ अश्वशक्तीची, चढावर दम न सोडणारी, आणि लांबच्या प्रवासाची हौस असणाऱ्यांची आवडती ठरली. पण १९८४-८५ च्या सुमारास जपानी सहकार्याने बनलेल्या शंभर सीसीच्या हलक्या गाड्या बाजारात उतरल्या. त्यांतील एक तर बंगळुराच्या उंबरठ्यावर, होसूर येथेच तयार होऊ लागली. त्या पेट्रोल निम्म्याने पीत. मागोमाग धुराविषयीचे नियम आले व कडक होत गेले. टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोलबरोबर वंगणाचे तेलही जाळते, आणि काही ताजे मिश्रण न जळताच बाहेर सोडते. हा त्याच्या रचनेतलाच दोष आहे, तो कारखानदाराच्या इच्छेने जाणारा नव्हता. १९९६ मध्ये यादवगिरीचे फाटक बंद झाले. कंपनी पुढे विसर्जनात गेली, आणि यंत्रे-जमीन गेल्यावर नावाच्या मालकीचा वादही उच्च न्यायालयात दीर्घकाळ चालला.

कारखान्याचा इतिहास बहुधा येथे संपवितात. माझ्या मते तो येथे अर्धाच होतो.

कारण फाटक बंद झाले त्या दिवशी लक्षावधी गाडीमालकांपुढे एकच प्रश्न उभा राहिला: आता हिची निगा कोण राखणार? उत्तर दिले ते मिस्त्रींनी. कारखान्यात हात बसलेली काही माणसे स्वतःची गॅरेजे काढून बसली, आणि त्यांच्याकडून पुढच्या पिढीने विद्या उचलली. मराठेशाहीच्या लष्करात ज्यास सरकारी पागेतून घोडा मिळे तो बारगीर, व जो स्वतःचा घोडा-हत्यार बाळगी तो शिलेदार, हा भेद आपण शाळेत शिकलो. आजची गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात देऊन पावती घेणारा गृहस्थ बारगीरच म्हणावयाचा. येझदीवाला मात्र शिलेदार. घोडा लंगडला तर नाल त्यालाच शोधावी लागते.

ही निगा म्हणजे काय? टू-स्ट्रोक इंजिनात झडपा नाहीत, म्हणून ते सोपे समजतात. पण पिस्टनखालची पोकळी हीच त्याचा पंप असते, आणि तिच्या दोन्ही टोकांस असलेली ऑइल सीलची रबरी कडी झिजली की पंप फुटला. एका बाजूने फुकट हवा आत शिरते, दुसऱ्या बाजूने गिअरचे तेल ओढले जाते व पांढऱ्या धुराचा लोट उठतो. पेट्रोलात तेल मापाने मिसळावे लागते. कमी पडले तर पिस्टन जाम होतो, अधिक झाले तर काजळी. ती काजळी सिलिंडरच्या खिडक्यांत आणि सायलेन्सरात साचते, व खरवडून काढली नाही तर गाडी हळूहळू निर्जीव होते. पॉइंटची फट ०.४ मिलिमीटर ठेवावयाची. सिलिंडर मूळचा ६५ मिलिमीटर व्यासाचा. झिजला की पाव-पाव मिलिमीटरने वाढवून मोठा पिस्टन घालतात, आणि असे किती वेळा करता येईल यास मर्यादा आहे. क्रँकमधील बेअरिंग बदलणे हे सर्वांत अवघड काम, कारण त्याच्या दोन चकत्या दाबाने सांध्यात बसविलेल्या असतात. त्या उकलून पुन्हा एका रेषेत आणणारे हात आता शहरात बोटांवर मोजण्याइतके आहेत.

येथे बंगळूरचे म्हणून एक वेगळे प्रकरण आहे. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंच. येथली हवा मुंबईपेक्षा शेकडा आठ-नऊने विरळ. मुंबईस बरोबर लावलेला कार्बोरेटर येथे आला की त्याच पेट्रोलास हवा अपुरी पडते, आणि प्लग काळा होतो. बदलीबरोबर गाडी आणणाऱ्यास मिस्त्री पहिल्यांदा कार्बोरेटरची सुई एक खाच खाली घ्यावयास सांगत, ते यामुळे. परंतु ६ फेब्रुवारी २०२३ रोजी पंतप्रधानांनी याच शहरात शेकडा २० इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलाचा आरंभ केला, व पुढे ते देशभर आले. इथेनॉलात प्राणवायू मूळचाच असल्याने त्याला बाहेरची हवा कमी लागते. म्हणजे उंचीने जे मिश्रण दाट केले तेच इथेनॉलाने पातळ केले! दोन्ही परिणाम काही अंशी एकमेकांस छेदतात. ज्यांनी जुन्या सवयीने सुई खालीच ठेवली त्यांचे पिस्टन तापू लागण्याचा धोका आहे, कारण टू-स्ट्रोकला पातळ मिश्रण हाच खरा शत्रू. शिवाय इथेनॉल जुनी रबरे फुगविते आणि हवेतील ओल शोषून घेते, म्हणून महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी रिकामी करून ठेवणे बरे. कोल्हापूर-सांगलीकडचा ऊस अशा रीतीने आपल्या मागोमाग परमुलखात आला आहे, आणि आपलीच गाडी बिघडवीत आहे.

आता सुधारणेचा प्रश्न. सहा व्होल्टचा जुना दिवा आजच्या रात्रीच्या वाहतुकीत काजव्यासारखा दिसतो, म्हणून बारा व्होल्टची वीज करून घेणे, पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक ठिणगी बसविणे, चेक पद्धतीचा कार्बोरेटर काढून जपानी पद्धतीचा लावणे, पुढे डिस्क ब्रेक घालणे, या गोष्टी बंगळूरच्या गॅरेजांत नित्याच्या झाल्या आहेत. शिवाजीनगरच्या गुजरीत जुन्या लोखंडातून अशा कामाची सामग्री निघते. (कोल्हापूरची गुजरी सराफांची, बंगळूरची भंगाराची, एकाच शब्दाचे भाग्य गावागणिक कसे बदलते!) पहिल्या दोन सुधारणा मला सर्वथा योग्य वाटतात. रात्री दिसणे व भर पावसात गाडी बंद न पडणे यांत पावित्र्याचा प्रश्न येत नाही. डिस्क ब्रेकसाठी मात्र पुढचा काटा बदलावा लागतो, आणि तेथून गाडी दुसऱ्या कोणाची तरी होऊ लागते.

माझ्या या मताशी कायद्यास अर्थातच कर्तव्य नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाहून गाडी वेगळी करण्यास मनाई आहे, व सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तिचा अर्थ कडकपणे लावला. ४७ वे कलम आपणा बदलीच्या माणसांच्या विशेष परिचयाचे: परराज्यात बारा महिन्यांहून अधिक राहिलेल्या गाडीस तेथील क्रमांक घ्यावा लागतो. त्या वेळी चासी व इंजिन यांवरील अंक कागदाशी ताडून पाहतात. इंजिनाचा अंक असतो तो त्याच्या ॲल्युमिनियमच्या आवरणावर. ते आवरण तडकले तर दुसऱ्या गाडीचे अखंड आवरण स्वस्तात मिळत असूनही मालक फुटक्यालाच वेल्डिंग करवून घेतो, ते त्या अंकासाठी. निरीक्षकास असा सांधा दिसला तर त्याने तो लबाडीचा न समजता प्रामाणिकपणाचा समजावा, हे या पत्राच्या वाचकांत त्या खात्याचे कोणी असतील तर त्यांस सांगून ठेवावेसे वाटते.

खरी अडचण जुलै २०२१ च्या नियमांनी आणली आहे. पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि मोठी फेरबांधणी न झालेल्या खासगी वाहनांस त्यांत 'विंटेज' असा वेगळा दर्जा दिला. नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये ठेवले, आणि नित्याच्या वापरासाठी असे वाहन रस्त्यावर आणण्यास मनाई केली. हेतू चांगला आहे. परंतु ज्या गाडीचा कारखाना तीस वर्षांपूर्वी बंद झाला, ती बेअरिंग, सील, पिस्टन बदलल्यावाचून पन्नाशी गाठेल कशी? कपाटात ठेवलेली गाठील. चालविलेली गाठणार नाही. इराणी घराण्यातील बोमन इराणी यांच्या भागीदारीत २०१८ मध्ये जावाचे व २०२२ मध्ये येझदीचे नाव नव्या गाड्यांवर परत आले, ते आनंदाचे आहे. मात्र त्या फोर-स्ट्रोक गाड्या मध्य प्रदेशात पिथमपूर येथे तयार झाल्या, आणि त्यांचा एकही भाग जुन्या इंजिनाच्या कामाचा नाही.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी जगभर जावा-दिन पाळतात, त्या दिवशी बंगळुरातही या गाड्या शेकड्यांनी एकत्र येतात. त्यांना आपल्या जन्मगावी जावयाचे तर रामनगर, चन्नपट्टण, मद्दूर, मंड्या, श्रीरंगपट्टण हा जुनाच मार्ग. २०२३ च्या मार्चमध्ये म्हैसूरचा नवा द्रुतमार्ग खुला झाला, आणि त्याच वर्षीच्या १ ऑगस्टपासून त्याच्या मुख्य मार्गिकांवर मोटारसायकलींस बंदी झाली. बाजूच्या रस्त्याने मात्र जाता येते. जुन्या गाडीस तो बाजूचा रस्ताच मानवतो. मद्दूरला थांबून वडा खावा, तोवर इंजिन निवते.

पहिल्या रोडकिंग २०२८ मध्ये पन्नास वर्षांच्या होतील, आणि त्यांच्या मालकांना नित्याचा वापर की विंटेजचा दर्जा यांतून निवड करावी लागेल. तोवर एवढे करता येईल: गाडीतून काढलेला मूळचा कार्बोरेटर, पॉइंटची चकती, सहा व्होल्टचा दिवा, झिजलेला पहिला पिस्टनसुद्धा भंगारात घालू नये. तेल लावून, कागदात गुंडाळून, कोणत्या साली काढला ते वर लिहून, बदलीच्या सामानातल्या एखाद्या ट्रंकेत ठेवावा.