रुग्णाच्या खाटेपाशी दिलेले गुण

पेठसारख्या डोंगराळ तालुक्यात धाप लागलेले मूल रात्री दवाखान्यात आणले, तर समोर असतो एखादा तरुण एम.बी.बी.एस. डॉक्टर. छातीतले आवाज त्याला ओळखता येतात, याची हमी त्याच्या अंतिम परीक्षेच्या गुणांनी दिलेली असते. ही हमी कितपत पक्की?

मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून पहिली तुकडी १८५१ साली बाहेर पडली. भाऊ दाजी लाड त्यातलेच. पुढे आपल्याकडे रूढ झाली ती ‘लाँग केस’ची रीत. विद्यार्थ्याने एक रुग्ण तपासायचा, मग परीक्षकांनी प्रश्न विचारायचे. रुग्ण खरा, हा या रीतीचा मोठा गुण. पण एकाच्या वाट्याला हृदयाच्या झडपेचा ठळक आवाज येई, तर दुसऱ्याच्या वाट्याला कंटाळलेला, धड न बोलणारा रुग्ण.

शिवाय परीक्षक म्हणजे तराजू नव्हे, हे आपणा शिक्षकांना वेगळे सांगायला नको. स्टार्च आणि इलियट या अमेरिकन संशोधकांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभरावर शिक्षकांकडून तपासून घेतली. १९१३ साली प्रसिद्ध झालेले ते गुण २८ पासून ९२ पर्यंत पसरले होते. तेही भूमितीत!

१९७५ साली स्कॉटलंडमधील डंडी येथील रोनाल्ड हार्डन व सहकाऱ्यांनी नवी पद्धत मांडली. ठरावीक मिनिटांनी विद्यार्थी एका केंद्रावरून पुढच्या केंद्रावर जातो. एकाकडे नाडी तपासणे, दुसरीकडे रुग्णाची हकीकत घेणे. काय पाहायचे याची यादी आधीच तयार असते. हीच ‘ओस्की’. पुढे एक अनपेक्षित गोष्ट उमगली. परीक्षकांच्या मतभेदापेक्षा मोठी त्रुटी केसमुळे येते. एका केसमधले यश दुसऱ्या केसबद्दल फार थोडे सांगते. प्रयोगशाळेत आपण एका मापनावर थांबत नाही, तसेच हे. केंद्रे परस्परांपासून स्वतंत्र मानली, तर एकाऐवजी सोळा घेतल्यास यादृच्छिक त्रुटी चौथाई होते, कारण ती संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते.

यादीचेही काही खरे नाही. १९९९ साली टोरांटोतील संशोधकांना आढळले, की यादीवर अनुभवी डॉक्टरांना शिकाऊंपेक्षा कमी गुण पडतात. जाणकार दोन-चार प्रश्नांत निदानाला पोचतो आणि बाकीच्या खुणा रिकाम्या राहतात.

१९९८ साली नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि राज्यातील बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांच्या परीक्षा तिकडे गेल्या. २०१९ पासूनच्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात ओस्कीला जागा मिळाली, लाँग केसही राहिली. दोन्ही असाव्यात, असे मला वाटते. मात्र ४९ आणि ५० यांतला भेद सांगण्याइतके सूक्ष्म मोजमाप यांपैकी कुठलेच नाही. तरी ५० वाला पेठला रुजू होतो आणि ४९ वाला पुन्हा परीक्षेला बसतो.