प्राथमिक शाळेतील शिवणकाम आणि टाकाऊ कापड : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप (विशेष संदर्भ : नालासोपारा)

प्रस्तावना

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांमध्ये कार्यानुभव या विषयांतर्गत ‘टाकाऊतून टिकाऊ’ हा उपक्रम सर्वपरिचित आहे. जुन्या साडीची पिशवी, चिंध्यांची बाहुली, कापडी खूणपट्टी अशा वस्तू मुले तयार करतात आणि वार्षिक प्रदर्शनात त्या मांडल्या जातात. हा उपक्रम बहुधा हौसेचा मानला जातो. वस्तुतः त्यामागे शैक्षणिक विचारांचा दीर्घ इतिहास आहे. सुई कोणाच्या हाती द्यावयाची आणि कोणत्या हेतूने, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक कालखंडाने निराळे दिले. या बदलत्या उत्तरांचा मागोवा घेणे आणि नालासोपाऱ्यासारख्या श्रमिक वस्तीच्या संदर्भात त्यांचा अर्थ लावणे, हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे.

१. घरगुती परंपरा आणि मुलींचे शिवणकाम

शाळेत येण्यापूर्वीच शिवणकाम मराठी घरात नांदत होते. जीर्ण लुगडी व धोतरे एकावर एक अंथरून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी, तान्ह्या बाळाचे दुपटे व कुंची, उरल्यासुरल्या तुकड्यांचा बटवा, ही कापडाच्या पुनर्वापराची सहज रीत होती. हे ज्ञान आजीकडून नातीकडे जात असे आणि त्यास ‘शिक्षण’ असे कोणी म्हणत नसे.

शाळेने शिवणकाम स्वीकारले ते प्रथम मुलींसाठी. इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित संहितेने अनुदानित शाळांतील मुलींना साधे शिवणकाम शिकविणे आवश्यक ठरविले होते. महाराष्ट्रात मात्र या कौशल्यास वेगळे वळण मिळाले. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन स्थापन केले व पुढे केडगाव येथे मुक्ती सदन उभे केले. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात १९०९ पासून सेवासदनाचे कार्य सुरू झाले. या कार्यात शिवण व हस्तव्यवसाय हे निराधार स्त्रीच्या स्वावलंबनाचे साधन बनले. तथापि सुई ही स्त्रीचीच, ही समजूत अबाधित राहिली.

२. वर्धा योजना : हात आणि बुद्धी

या समजुतीस पहिला मोठा छेद वर्धा शिक्षण योजनेने दिला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन समितीने मूलोद्योगावर आधारित सात वर्षांचा अभ्यासक्रम मांडला. साडेपाच तासांच्या शालेय दिवसापैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगासाठी राखून ठेवण्यात आली. टकळीवर सूत कातणारे मूल सुताची लांबी मोजताना गणित शिकत असे. चार फुटांची एक तार आणि ६४० तारांची एक गुंडी, हा हिशेब त्याच्या बोटांतून वहीत उतरे. पाचवीपर्यंत मुलगे व मुली यांच्यासाठी जवळजवळ एकच अभ्यासक्रम होता. मात्र शेवटच्या दोन इयत्तांत मुलींना मूलोद्योगाऐवजी गृहविज्ञान घेण्याची मुभा होती. जुनी विभागणी येथेही पूर्णतः पुसली गेली नाही.

मुलांनी बनविलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शाळेचा खर्च भागावा, या अपेक्षेवर त्याच काळात टीका झाली. शाळेचा कारखाना होईल, ही ती भीती होती. तो आक्षेप आजही विचारात घेण्याजोगा आहे.

३. बोर्डी व कोसबाड : परिसरातील साहित्य

आजच्या पालघर जिल्ह्यातच या इतिहासाचे एक महत्त्वाचे प्रकरण घडले. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाड येथे गेले. माँटेसरी पद्धतीत बटण लावणे, नाडी बांधणे यांसाठी खास चौकटी असतात. असे महागडे साहित्य गरीब वस्तीत परवडणारे नव्हते. म्हणून शिंपले, बिया, खडे, पाने यांसारख्या परिसरातील वस्तूंनाच शैक्षणिक साधनाचे रूप देण्यात आले. टाकाऊ वस्तूंचा वापर ही केवळ काटकसर नसून मुलाच्या परिसराचा सन्मान आहे, ही दृष्टी या प्रयोगातून मिळते.

४. कार्यानुभव : स्थान आणि घसरण

कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाचा पुरस्कार केला. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्याची शिफारस केली. महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमात अन्न, वस्त्र व निवारा ही कार्यानुभवाची उत्पादक क्षेत्रे मानली गेली. परंतु परीक्षाकेंद्रित व्यवस्थेत या विषयास दुय्यम स्थान मिळाले. वस्तू पालकांनी करून द्यावयाची किंवा बाजारातून आणावयाची आणि शिक्षकांनी गुण द्यावयाचे, असे रूप त्यास अनेक ठिकाणी आले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीसाठी हस्तव्यवसायाचा अनुभव व दहा दप्तरविरहित दिवस सुचविले आहेत. पहिली ते पाचवीच्या मुलांच्या हाताचा प्रश्न मात्र शिक्षकाच्या कल्पकतेवरच बव्हंशी अवलंबून आहे.

५. नालासोपारा : कात्रणांमधील बालपण

प्राचीन काळी सोपारा बंदर म्हणून विख्यात असलेला हा परिसर आज दाट लोकवस्तीचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार वसई-विरार शहराची लोकसंख्या १२,२२,३९० होती. मुंबईत घर न परवडणारी असंख्य कुटुंबे येथे स्थिरावली. येथील गाळ्यांतून व घरांतून तयार कपड्यांचे शिलाईकाम चालते. धागे कापणे, बटणे लावणे ही कामे घरी आणली जातात. त्यामुळे येथील अनेक मुलांना कापडाची कात्रणे शाळेत प्रथम भेटत नाहीत. ती त्यांनी घरातच पाहिलेली असतात.

येथेच या विषयाचे गांभीर्य आहे. २०१६ च्या कायदादुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामास ठेवण्यास बंदी केली. परंतु शाळेच्या वेळेनंतर कौटुंबिक व्यवसायात मदत करण्याची सवलत ठेवली. अशा वेळी शाळेतील सुई आणि मजुरीची सुई यांतील भेद स्पष्ट असणे अगत्याचे ठरते. मजुरीत नगांची संख्या महत्त्वाची असते. शिक्षणात चुकलेला टाका उसवून पुन्हा घालण्यास अवकाश असतो.

या दृष्टीने उपक्रमांची चढती श्रेणी आखता येते. पहिली-दुसरीत भोके पाडलेल्या पुठ्ठ्यातून नाडी ओवणे आणि गोणपाटावर बोथट, जाड सुईने दोरा घालणे पुरेसे आहे. तिसरी-चौथीत धावदोरा, बटण लावणे, फळा पुसण्याचे फडके शिवणे शक्य होते. फडक्यासाठी सुती तुकडेच निवडावेत. कृत्रिम धाग्याचे कापड ओल टिपत नाही, हे मूल स्वतः पाणी टाकून पडताळू शकते. पाचवीत पिशवी घ्यावी. ८० सेंमी लांब व ३५ सेंमी रुंद कापड मधोमध दुमडून दोन्ही कडांना १ सेंमी शिवण सोडली, तर पिशवीची रुंदी ३३ सेंमी भरते. तोंडाशी ३ सेंमी दुमडपट्टी घेतल्यास उंची ३७ सेंमी उरते. मोजमाप, वजाबाकी व समरूपता यांचा पाठ येथे आपोआप घडतो. २०१८ च्या राज्यव्यापी प्लास्टिकबंदीनंतर अशा पिशवीस प्रत्यक्ष उपयोगही लाभला आहे.

निष्कर्ष

गृहकर्तव्य, स्वावलंबन, मूलोद्योग आणि कार्यानुभव असा शालेय शिवणकामाचा प्रवास झाला. त्यातून तीन बाबी निष्पन्न होतात. एक, सुई मुलगा व मुलगी दोघांच्याही हाती समानतेने दिली पाहिजे. दोन, साहित्य परिसरातीलच असावे. तीन, वस्तूच्या देखणेपणापेक्षा ती करताना मुलाने केलेल्या विचाराचे मूल्यमापन व्हावे. नालासोपाऱ्यातील शिलाई कामगाराचे मूल जेव्हा वर्गात इतरांना दोऱ्याची गाठ मारावयास शिकवेल, तेव्हा त्याच्या घरातील श्रमास शाळेत प्रथमच ज्ञानाचा दर्जा मिळेल. कार्यानुभवाची खरी फलश्रुती हीच होय.