सात की नऊ?

अंबरनाथ पूर्वेला वालधुनीच्या काठी उभ्या असलेल्या शिवमंदिराचं वय एकेकाळी दोनशे वर्षांनी चुकलं होतं. उत्तर दारावरच्या तुळईवरचा झिजलेला लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी वाचला तेव्हा त्यांना शके ७८२ दिसलं, म्हणजे इ. स. ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तोच लेख नव्याने तपासला आणि पहिला अंक सात नसून नऊ असल्याचं दाखवलं. शके ९८२, म्हणजे १०६०. राजांचा क्रमही त्यामुळे नीट लागला. भांडुपच्या ताम्रपटात शिलाहार राजा छित्तराज शके ९४८ मध्ये भेटतो. या लेखात ज्याचं नाव आहे तो त्याचा भाऊ मुम्मुणी शके ९८२ मध्येच शोभतो. भगवानलाल भाऊ दाजींच्याच हाताखाली तयार झालेले, म्हणजे इथे शिष्याने गुरूची चूक काढली. आजच्या हिशोबात मात्र ही दुरुस्ती गुरूच्या खात्यावर जमा झालेलं एक सायटेशन, म्हणजे एक उल्लेख, ठरेल, आणि ते कौतुकाचं की खंडनाचं हे खात्यात कुठेच दिसणार नाही.

हा दोष सायटेशन मोजण्याच्या पद्धतीत अगदी मुळापासून आहे. युजीन गारफिल्ड यांची विज्ञानातली सायटेशन सूची १९६० च्या दशकात निघाली, तिची प्रेरणा अमेरिकन वकिलांच्या 'शेपर्ड्स सायटेशन्स' या सूचीची. त्या सूचीत एखादा निकाल पुढे कायम राहिला की फिरवला गेला याची खूण असते. वकिलाला ती लागतेच. रद्द झालेल्या निकालावर उभा राहिला तर कोर्टात त्याची शोभा होईल. विज्ञानाने सूची उचलली आणि खूण मागे ठेवली. २००५ मध्ये हर्श यांचा सायटेशनवर बेतलेला एच-इंडेक्स आला आणि संशोधकाची सगळी कारकीर्द एका आकड्यात मावू लागली.

शिलालेखाचं ठीक, पण प्रयोगशाळेतल्या विज्ञानाला हा न्याय कसा लागू पडेल, असं कोणी विचारेल. त्यासाठी फार लांब जायला नको. भाऊ दाजी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर होते. त्याच कॉलेजात शिकलेल्या आणि जे. जे. रुग्णालयात न्यूरॉलॉजीचा विभाग उभा करणाऱ्या डॉ. नोशीर वाडिया यांनी आर. के. स्वामी यांच्यासह १९७१ मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात एक निबंध छापला. विषय होता नऊ कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला लहान मेंदूचा ऱ्हास. या रुग्णांचा चालताना तोल जाई, हे इतर अशा आजारांतही दिसतं. पण निरोगी माणसाची नजर एका वस्तूवरून दुसरीवर झटकन उडी मारते, ती या रुग्णांची संथपणे सरकत जाई. हे बारीक निरीक्षण हाच त्या निबंधाचा प्राण. १९९६ मध्ये तीन स्वतंत्र गटांनी एससीए-२ या आजाराचं जनुक शोधून काढलं, आणि वाडियांनी वर्णन केलेला आजार जनुकाच्या पातळीवर ओळखता आला. मध्ये पंचवीस वर्षं गेली होती. सायटेशनवरून नियतकालिकं तोलणारा नेहमीचा इम्पॅक्ट फॅक्टर मात्र आधीच्या दोन वर्षांतल्या निबंधांचीच दखल घेतो.

आकड्यांच्या बाजूने एक आक्षेप मात्र गंभीर आहे. आकडे नसतील तर नेमणुका ओळखीपाळखीवर होतील. आपल्या विद्यापीठांचा इतिहास पाहता ही भीती खोटी म्हणता येत नाही. पण आकडे आल्याने लबाडी थांबली का? भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १००९ नियतकालिकं तपासली, तर त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकषांत बसली नाहीत. ओळखीची जागा पैसे घेऊन छापणाऱ्या मासिकांनी घेतली, एवढाच काय तो फरक. आकडा फेकून द्या असं माझं म्हणणं नाही. आकडा पाहणाऱ्या समितीने त्यातले निदान चार-पाच उल्लेख उघडून वाचावेत, कोण काय म्हणतंय ते पाहावं. त्याला एक दुपार लागते.

वाडियांनी स्वतः आपलं जुनं निरीक्षण पुन्हा तपासण्याचं काम टाळलं नाही. १९९८ मध्ये 'ब्रेन'मध्येच एससीए-२ च्या सहा भारतीय घराण्यांचा जनुकीय तपासणीसह अभ्यास आला. निदानात संथ नजरेचं मोल किती, हा त्याचा मुद्दा होता. लेखकांत पहिलं नाव वाडियांचं आहे. तेव्हा ते ७३ वर्षांचे होते.